कोल्हापूरच्या गादीचे वारस

इतिहासाच्या पुस्तकांतील राजांच्या याद्या विद्यार्थ्यांस फार कंटाळवाण्या वाटतात, आणि यांत विद्यार्थ्यांचा दोष आहे असें मला, जन्मभर शाळेंत इतिहास शिकवूनहि, कधीं वाटलें नाहीं. एकाखालीं एक नांवें, प्रत्येक नांवापुढें दोन सनें, आणि एका नांवावरून दुसऱ्या नांवावर आपण आलों कसे याचा मात्र पत्ता नाहीं, असें त्या यादीचें स्वरूप असतें. वास्तविक दोन नांवांच्या मधली जी कोरी जागा, तींतच राज्याचें भवितव्य सांठवलेलें असतें. राजा वारला, आतां पुढें कोण? या प्रश्नाचें उत्तर जेथें वेळेवर मिळालें तेथें राज्य टिकलें. जेथें मिळालें नाहीं तेथें भाऊबंद, कारभारी किंवा शेजारी, ज्यास संधि सांपडली त्यानें तें गिळलें. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या गादीपुढें हा प्रश्न अडीचशें वर्षांत अनेक वेळां उभा राहिला. त्या त्या वेळीं काय घडलें, हें आज सांगावयाचें आहे.

तुलनेसाठीं मीं युरोपांतील फ्रँक लोक घेतले आहेत. रोमचें साम्राज्य पश्चिमेस मोडल्यावर आज ज्यास आपण फ्रान्स म्हणतों तो देश व त्यालगतचा जर्मनीचा भाग या लोकांनीं व्यापला. त्यांचें पहिलें राजघराणें मेरोव्हिंजियन. या घराण्यांतील क्लोव्हिस राजा इ. स. ५११ मध्यें वारला तेव्हां त्यास चार मुलगे होते. चौघांनीं राज्य वांटून घेतलें. बापाच्या मागें भाऊ शेताचे तुकडे करतात, त्यांतलाच हा प्रकार. पुढें जो तो आपला तुकडा आपल्या मुलांत वांटी, मग चुलत्यापुतण्यांच्या लढाया होत, एखादा सर्वांस मारून किंवा सर्वांच्या मागें जगून राज्य पुन्हा एक करी, आणि तो वारतांच पुन्हा वांटणी होई. दुसरें घराणें कॅरोलिंजियन. त्यांतील शार्लमेन इ. स. ८०० च्या नाताळांत रोम येथें सम्राट झाला. परंतु त्याच्याहि नातवांनीं ८४३ मध्यें व्हर्दून येथें तह करून साम्राज्याचे तीन भाग केलेच. थोडक्यांत म्हणजे फ्रँकांस मुलगे फार झाले. कोल्हापूरच्या गादीची अडचण नेमकी उलट होती. तिला मुलगे पुरले नाहींत.

वांटणी मात्र आमच्याकडेहि एकदां झाली, आणि कोल्हापूरचें राज्य त्या वांटणींतूनच जन्मास आलें. छत्रपति राजाराममहाराज १७०० सालीं सिंहगडावर वारले. त्यांच्या राणी ताराबाई, म्हणजे सेनापति हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, यांनीं आपला लहानगा मुलगा शिवाजी यास गादीवर बसवून औरंगजेबाशीं सात वर्षें झुंज दिली. १७०७ त औरंगजेब मेला आणि मोगलांनीं संभाजीमहाराजांचे पुत्र शाहू यांस सोडून दिलें. थोरल्या शाखेचा वारस परत आला! राज्य माझ्या वडिलांचें, हा शाहूंचा दावा. तें राज्य बुडत होतें, आम्हीं तें राखलें, हा ताराबाईंचा. दोन्ही दाव्यांत तथ्य होतें, म्हणूनच तंटा मिटेना. खेडच्या लढाईंत शाहूंची सरशी झाली, १७०८ त त्यांनीं साताऱ्यास राज्याभिषेक करविला, आणि ताराबाईंनीं पन्हाळ्यास आपली वेगळी गादी मांडली.

ती त्यांस सुखानें लाभली नाहीं. १७१४ सालीं राजाराममहाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांनीं आपला मुलगा संभाजी यास पन्हाळ्याच्या गादीवर बसविलें, आणि ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी कैदेंत पडले. फ्रँकांच्या इतिहासांत ब्रुनहिल्डा व फ्रेडेगुंड या दोघी जावांचें असेंच हाडवैर प्रसिद्ध आहे. ब्रुनहिल्डेनें मुलगा, नातू व पणतू अशा तीन पिढ्यांच्या नांवें कारभार केला, आणि शेवटीं ६१३ सालीं फ्रेडेगुंडेच्या मुलानें तिला घोड्यास बांधून फरफटवून मारलें. आमच्याकडे वैर कमी नव्हतें, पण शेवट इतका अघोर झाला नाहीं. ताराबाई ८६ वर्षांचें आयुष्य भोगून १७६१ सालीं साताऱ्यास वारल्या, आणि वारीपर्यंत त्यांनीं पेशव्यांस स्वस्थ झोंप लागूं दिली नाहीं.

कोल्हापूरकर संभाजी व सातारकर शाहू हे चुलत भाऊ १७३१ पर्यंत भांडत राहिले. त्या वर्षीं कऱ्हाडजवळ जखिणवाडीस दोघांची भेट झाली व पुढें वारणेचा तह झाला. वारणा व कृष्णा यांच्या दक्षिणेकडील मुलूख संभाजीचा, उत्तरेकडील शाहूचा, असें ठरलें. व्हर्दूनच्या तहांतहि नद्यांनींच पुष्कळशा सीमा आंखल्या होत्या. फरक एवढाच, कीं व्हर्दूनच्या भागांचे पुढें आणखी भाग होत गेले, आणि वारणेच्या तहानंतर छत्रपतींच्या गादीची तिसरी वांटणी कधींच झाली नाहीं.

आतां एका जुन्या प्रश्नाकडे वळतों. फ्रँकांचें पहिलें घराणें गेलें तें परचक्रानें नव्हे. तें त्यांच्या कारभाऱ्यांनीं घालविलें. मेरोव्हिंजियन राजे उत्तरोत्तर दुबळे होत गेले व राजवाड्याचा मुख्य कारभारी हाच सर्व सत्ता चालवूं लागला. चार्ल्स मार्टेल नांवाच्या कारभाऱ्यानें तर ७३७ सालीं राजा वारल्यावर चार वर्षें गादी रिकामीच ठेविली. कोणाचें कांहीं अडलें नाहीं! त्याचा मुलगा पेपिन यानें पोपकडे विचारणा केली, कीं ज्याच्या हातीं सत्ता नाहीं त्यानें राजा म्हणवून घ्यावें हें योग्य कीं काय. पोपनें त्यास हवें तेंच उत्तर दिलें. ७५१ सालीं शेवटचा मेरोव्हिंजियन राजा चिल्डेरिक याचे लांब केंस कापले, त्यास मठांत नेऊन बसविलें, आणि कारभारी राजा झाला. लांब केंस हें त्या घराण्याचें राजचिन्ह होतें, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे त्या कातरीचा अर्थ कळतो.

साताऱ्यास १७५० नंतर सर्व सत्ता पेशव्यांच्या हातीं गेली होती. मग पेशवे छत्रपति कां झाले नाहींत? त्यांनीं छत्रपतींस किल्ल्यांत ठेविलें, खर्चास तोलून मापून दिलें. पण प्रत्येक नव्या पेशव्यानें पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याहूनच आणविलीं, आणि हा रिवाज दुसऱ्या बाजीरावापर्यंत चालला. शिवछत्रपतींच्या नांवाचा दरारा, सरदारांची भीति, लोकनिंदेचें भय, हीं कारणें इतिहासकार देतात व तीं खरींच आहेत. माझ्या मतें आणखी एक साधें कारण आहे. आमच्याकडे राजाचा वारस होण्यास एक तर राजाच्या पोटीं जन्मावें लागे, नाहीं तर दत्तक होऊन त्याच्या मांडीवर बसावें लागे. आणि ब्राह्मण पेशव्याच्या मुलास मराठा राजाच्या मांडीवर बसण्याची सोय शास्त्रांत नव्हती व रूढींतहि नव्हती. फ्रँकांत ही आडकाठी नव्हती. पेपिनच्या आधीं शंभर वर्षें ग्रिमोआल्ड नांवाच्या कारभाऱ्यानें आपलाच मुलगा राजाचा दत्तक म्हणून गादीवर बसवून पाहिला होता. तो डाव फसला व ग्रिमोआल्डाचा जीव गेला, ही गोष्ट निराळी.

दत्तकाचा महिमा साताऱ्याच्या रामराजावरूनहि दिसतो. शाहू १७४९ सालीं निपुत्रिक वारले. आपला एक नातू लहानपणापासून लपवून ठेविला आहे असें ताराबाईंनीं सांगितलें होतें. शाहूंच्या इच्छेनें तोच रामराजा गादीवर आला. वर्ष उलटण्यापूर्वीं ताराबाईंनीं त्यास साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलें, आणि पुढें हा माझा नातूच नव्हे असेंहि त्या म्हणूं लागल्या. आजीचें पहिलें म्हणणें खरें कीं दुसरें, यावर इतिहासकार अजून भांडतात. परंतु रामराजा १७७७ पर्यंत, मरेपर्यंत, छत्रपतिच राहिला. एकदां विधिपूर्वक गादीवर बसलेल्यास उठविण्याची युक्ति खुद्द ताराबाईंसहि सांपडली नाहीं.

कोल्हापूरच्या गादीची पहिली खरी कसोटी १७६० च्या डिसेंबरांत लागली. ४६ वर्षें राज्य करून संभाजीमहाराज वारले व त्यांस पुत्र नव्हता. पेशवे नानासाहेब यांस दोन्ही राज्यें एक करावयाचीं होतीं, आणि त्यांनीं कोल्हापूरचें राज्य सातारच्यांत मिळविण्याच्या हालचाली सुरू केल्या. कोल्हापुरास वांचविलें कोणी? एक तर संभाजीमहाराजांच्या राणी जिजाबाई यांनीं. या बाई करड्या स्वभावाच्या होत्या, आणि पन्हाळ्याचा कारभार पतीच्या हयातींतच बराचसा त्यांच्या हातीं आला होता. दुसरें, हें सांगतांना वाईट वाटतें, पानिपतनें. महिन्याच्या आंतच, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतावर मराठ्यांच्या एका पिढीचा संहार झाला. जूनमध्यें नानासाहेब वारले. माधवराव कोवळ्या वयाचे, आणि घरांत चुलत्याशीं तेढ. अशा वेळीं कोल्हापूरशीं नवें वैर पेशव्यांस परवडणारें नव्हतें. जिजाबाईंनीं भोसले कुळांतील खानवटकर शाखेचा मुलगा निवडला, आणि १७६२ त पेशव्यांच्या संमतीनें त्यास दत्तक घेतलें. हे शिवाजीमहाराज. त्यांच्या नांवें जिजाबाईंनीं पुढें सुमारें दहा वर्षें कारभार केला. याच महाराजांच्या कारकीर्दींत राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरांत आली, म्हणजे आजच्या कोल्हापूर शहराचें राजधानीपण या दत्तकाच्या कारकीर्दीपासूनचें आहे.

येथें नांवांच्या घोटाळ्याविषयीं सांगितलें पाहिजे, कारण माझे विद्यार्थी दर वर्षीं येथेंच अडखळत. थोरले शिवछत्रपति धरले तर कोल्हापूरच्या परंपरेंत शिवाजी नांवाचे सहा राजे झाले. दत्तक मुलास घरचें नांव टाकून गादीचें नांव घ्यावें लागे, आणि गादीचीं नांवें मोजकीं: शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू, शहाजी. फ्रँकांतहि हीच तऱ्हा. तेथें जो तो चार्ल्स किंवा लुई. त्यांनीं यावर टोपणनांवांचा उपाय काढला: चार्ल्स टकला, लुई तोतरा, चार्ल्स भोळा. आमचे लोक अधिक सभ्य. आम्हीं आबासाहेब, बुवासाहेब, बाबासाहेब म्हणून वेळ निभावली.

१७६२ च्या दत्तकाचा वंश १०४ वर्षें चालला. शिवाजीमहाराज १८१३ त वारले. त्यांचे पुत्र आबासाहेब यांचा १८२१ त खून झाला. त्यांचें तान्हें मूल लवकरच गेलें, आणि धाकटे भाऊ बुवासाहेब गादीवर आले. हे शूर पण अनावर गृहस्थ होते, आणि कंपनी सरकारनें १८२६ ते १८२९ या काळांत त्यांच्याशीं तीन तह करून त्यांचे हात बांधले. १८३८ त ते वारले तेव्हां त्यांचे पुत्र शिवाजी ऊर्फ बाबासाहेब आठ वर्षांचेहि नव्हते. राज्यकारभार राण्यांकडून लवकरच इंग्रजांनीं नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित यांच्याकडे गेला. गडकऱ्यांच्या पिढीजात हक्कांस धक्का बसला, आणि १८४४ सालीं सामानगड, भुदरगड, पन्हाळा या किल्ल्यांवर बंडाचें निशाण लागलें. बंड मोडलें, कारभार मात्र इंग्रजांच्या हातीं आणखी घट्ट झाला.

आतां जी गोष्ट सांगतों ती या सर्व हकीकतींतील मुख्य गोष्ट आहे असें मी समजतों. ५ एप्रिल १८४८ रोजीं साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरणापूर्वीं त्यांनीं मुलगा दत्तक घेतला होता. धर्मशास्त्राप्रमाणें तो पुत्र. पण गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांनीं असें ठरविलें, कीं दत्तकास खासगी मिळकत मिळेल, राज्य मिळणार नाहीं. थोरल्या शाखेची गादी १८४९ त खालसा झाली. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी गुप्ते सातारच्या गादीच्या न्यायासाठीं १८५३ पर्यंत विलायतेंत खटपट करीत राहिले. उपयोग झाला नाहीं. त्याच १८५३ त नागपूरचे रघूजी भोसले व झांशीचे गंगाधरराव वारले आणि तीं राज्येंहि गेलीं. राज्य जातें म्हणजे केवळ एका घराण्याचा मान जात नाहीं. साताऱ्यास राज्य गेल्यावर इनामांच्या चौकशा सुरू झाल्या. ज्यांच्या घरीं तीन पिढ्या सनद होती त्यांस ती घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. शिलेदार, कारकून, मानकरी, देवस्थानचे पुजारी यांचें अन्न राज्याबरोबर संशयांत आलें.

या वर्षांत कोल्हापूरचें काय? १८४८ सालीं बाबासाहेब अवघे सतरा वर्षांचे होते, कारभार इंग्रजांच्या हातीं होता, आणि पुढेंहि त्यांस औरस पुत्र उरला नाहीं. या नऊ वर्षांत ते वारले असते तर? राजपुतान्यांतील करौलीच्या दत्तकास जुन्या दोस्तीच्या सबबीवर मान्यता मिळाली होती, तशी कोल्हापुरास कदाचित् मिळती. पण नागपूरहि तर जुनेंच राज्य होतें. बाबासाहेब जगले, एवढेंच खरें. पुढें १८५७ चा उठाव झाला. कोल्हापुरांतहि जुलैमध्यें पलटणीनें व डिसेंबरांत शहरानें उठावणी केली; बाबासाहेबांचे धाकटे बंधु चिमासाहेब यांस धरून कराचीस नेलें, व तेथेंच ते १८६९ त वारले. परंतु त्या उठावानें डलहौसीचें धोरण बुडविलें. १८६२ सालीं लॉर्ड कॅनिंग यांनीं संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या, आणि कोल्हापूरचा दत्तकाचा हक्क कागदावर आला. बाबासाहेब वारले तें १८६६ च्या ऑगस्टांत, म्हणजे सनदेनंतर अवघ्या चार वर्षांनीं. मृत्युशय्येवर त्यांनीं आपल्या बहिणीचा मुलगा नागोजीराव पाटणकर यास मांडीवर घेतलें. बहिणीचा मुलगा दत्तक घ्यावा कीं नाहीं यावर शास्त्र्यांचा जुना वाद आहे. त्या दिवशीं तो वाद कोणी काढला नाहीं.

हे राजाराममहाराज फार होतकरू होते. इंग्रजी शिकले, रोजनिशी लिहीत, आणि १८७० सालीं विलायतेस जाऊन आले. आले म्हणजे परत निघाले. वाटेंत इटलींत फ्लॉरेन्स शहरीं ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, विसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. आर्नो नदीच्या कांठीं त्यांचें दहन झालें, आणि तेथें छत्रीखालीं त्यांचा अर्धपुतळा उभा आहे. आमच्या शहरांतील राजाराम कॉलेज कोणत्या राजारामांच्या नांवाचें, हें मी मुलांस मुद्दाम विचारीत असें. उत्तर बहुधा चुकीचें येई. तें या फ्लॉरेन्सवासी राजारामांच्या नांवाचें आहे.

पुन्हा गादी रिकामी. १८७१ त भोसले कुळांतीलच नारायणराव नांवाचा आठ वर्षांचा मुलगा शिवाजी या नांवानें दत्तक आला. त्याची कहाणी सर्वांत करुण आहे. तरुणपणीं त्याचें मन बिघडलें, किंवा बिघडलें असें ठरविण्यांत आलें. कारभारी बर्वे यांच्यावर टीका केल्यावरून टिळक व आगरकर यांस १८८२ त १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत राहावें लागलें. आणि १८८३ च्या नाताळाच्या दिवशीं अहमदनगरच्या किल्ल्यांत, पाहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झोंबींत महाराज मरण पावले. वय अवघें वीस.

१७ मार्च १८८४ रोजीं त्यांच्या राणी आनंदीबाई यांनीं कागलच्या घाटगे घराण्यांतील यशवंतराव यास दत्तक घेतलें. तेच शाहूमहाराज. त्यांच्या कार्याविषयीं येथें सांगत नाहीं. तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे, आणि कोल्हापूरकरांस तो ठाऊक आहे. आजच्या विषयापुरतें एवढेंच नोंदवितों, कीं कोल्हापूरच्या यादींतील ज्या नांवाचा लौकिक आज सर्व देशभर आहे, तें नांव जन्मानें भोसले नव्हतें. १९२२ त त्यांच्या मागें पुत्र राजाराम गादीवर आले. एवढ्या काळांत बापामागें मुलगा येण्याचा योग १८३८ नंतर प्रथमच आला होता.

तो योग पुढें टिकला नाहीं. राजाराममहाराज १९४० त वारले, पुत्र नाहीं. राणी ताराबाई यांनीं पुन्हा खानवटकर भोसल्यांतील एक बाळ १९४२ त दत्तक घेतलें. हे सहावे शिवाजी. पांच वर्षें पुरीं होण्यापूर्वींच १९४६ त तें बाळ गेलें. तेव्हां देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंह पवार यांस १९४७ च्या मार्चांत शहाजी या नांवानें गादीवर आणण्यांत आलें. ते शाहूमहाराजांच्या कन्येचे पुत्र. एका राज्याचा बसलेला राजा आपलें राज्य मुलास देऊन दुसऱ्या गादीवर येतो, हा प्रकार विरळाच. आणि येथें फ्रँकांची पुन्हा आठवण होते. त्यांच्या सॅलिक कायद्यांत वडिलोपार्जित जमिनीचा वारसा स्त्रियांस नव्हता. चौदाव्या शतकांत फ्रान्समध्यें मुलीच्या मुलासहि राज्य नाहीं असें ठरलें, इंग्लंडचा राजा एडवर्ड आईकडून हक्क सांगूं लागला, आणि त्यांतून शंभर वर्षांचें युद्ध पेटलें. कोल्हापुरानें १८६६ त बहिणीच्या मुलास व १९४७ त मुलीच्या मुलास गादी दिली, आणि शहरांत पानसुपारी वांटली गेली.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९७१ त घटनेच्या २६ व्या दुरुस्तीनें राजांची मान्यता व तनखे बंद झाले. घराणें आहे, दसऱ्याचें सीमोल्लंघन आहे. कोणाचा शेतसारा किंवा कोणाची सनद मात्र आतां त्या घराण्यांतील दत्तविधानावर अवलंबून नाहीं.